‘सर बोलले, आता तुमचा अनुभव सांगा’ : अभ्यासवर्ग नेमका इथे मोडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात पंधरा जणांचा गट. चार प्राध्यापक, एक वकील, बाकीचे ऊसतोड कामगारांत, आशाताईंमध्ये आणि वनहक्काच्या दाव्यांवर काम करणारे कार्यकर्ते. क्रिटिकल थिअरी (समाज बदलायच्या हेतूने त्याची चिकित्सा करणारा विचार) आणि राजकीय तत्त्वज्ञान एकत्र वाचायचं ठरलं. पहिल्या बैठकीत एका सरांनी फ्रँकफर्ट स्कूलवर, म्हणजे ही थिअरी मांडणाऱ्या जर्मन विचारवंतांच्या गटावर, दीड तास मांडणी केली आणि मग अध्यक्ष म्हणाले, “सर बोलले, आता कार्यकर्त्यांनी आपापले अनुभव सांगावेत.” दुसऱ्या बैठकीला नऊ जण आले, तिसऱ्याला पाच. एका ताईंनी तर तोंडावर सांगितलं, “आम्हाला बौद्धिक नको. जमलं तर कलेक्टरला द्यायचं निवेदन लिहून द्या.” चूक कुठे झाली, वाचायचं काय, आणि हे मुळात जमण्यासारखं आहे का, असं तुम्ही विचारता.

मी सव्वीस वर्षं असे वर्ग घेते आहे. त्यातले चार बंद पडले, आणि चारपैकी दोन माझ्यामुळे. त्या हिशेबाने सांगते.

चूक त्या दीड तासात नाही. आपले लोक कीर्तनाला चार-चार तास बसतात, तेही दिवसभर राबून आल्यावर. चूक अध्यक्षांच्या वाक्यात आहे. ‘सरांनी विचार दिला, तुम्ही अनुभव द्या’ ही वाटणी झाली की बैठक संपली, चहा यायचा बाकी राहतो इतकंच. कारण अनुभव सांगणाऱ्याला कळतं की आपलं बोलणं हा कच्चा माल आहे. तो कुणीतरी घेऊन जाणार, त्यावर शोधनिबंध होणार, आणि आपण पुढच्या महिन्यात सतरंज्या टाकायला पुन्हा येणार.

1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी म्हटलंय की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. मंडळाला मजकूर झेपला नाही, अधिवेशनच रद्द झालं, आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापलं. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मी ते वाचायला घेते तेव्हा मुंबईच्या गिरणीतलं साचाखातं, म्हणजे कापड विणायचं खातं, समोर ठेवते. धोट्यातली (मागावर आडवा धागा नेणाऱ्या शटलमधली) कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला. म्हणून स्पृश्य कामगारांनी दलित कामगारांना साचाखात्यात येऊ दिलं नाही, आणि पगार तर तिथेच बरा होता. 1928 च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. संप सगळ्यांचा, भोंगा सगळ्यांना एकच, पण धागा वेगळा. हे सांगितलं की ‘श्रमिकांची विभागणी’ हे शब्द पाठांतरातून खाली उतरतात. मग मी विचारते, आज या खोलीत साचाखातं कुठलं?

राजकीय विचारवंत गोपाळ गुरू यांनी 2002 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये हाच प्रश्न विद्यापीठांना विचारला होता. आपल्या समाजशास्त्रांत काही जण सैद्धांतिक ब्राह्मण आणि बाकीचे अनुभवजन्य शूद्र झालेत, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई यांनी वेगळी बाजू मांडली, दोघांचा वाद चालला, आणि 2012 मध्ये दोघांचं मिळून पुस्तक निघालं. प्राध्यापक मंडळींना हा लेख पहिल्याच महिन्यात द्या. वाईट वाटेल, वाटू द्या.

वर्गात त्यावर मी एकच उपाय करते. फेरी उलटी फिरवते. कार्यकर्त्याला विचारायचं, “असं का होतं, तुमचा अंदाज काय?” आणि प्राध्यापकाला विचारायचं, “हे तुमच्या नोकरीत कुठे दिसतं?” पहिल्या दोन वेळा दोन्ही बाजू अवघडतात. मग एकदा असं झालं: राज्यशास्त्राचे एक सर, तासिका तत्त्वावरचे, परात्म श्रमावर, म्हणजे कामगाराला स्वतःचंच काम परकं होतं या विचारावर, फार सुंदर बोलत. त्यांना विचारलं तुमच्याकडे काय. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन् महिने अडकतात, सुट्टी लागली की शून्य, आणि आजारी पडलो तर तो तास गेला. शेजारी ऊसतोडीवर जाणारे एक मामा बसले होते. ते म्हणाले, “म्हणजे खाडा.” ऊसतोडीत कामावर न गेलेल्या दिवसाला खाडा म्हणतात, आणि त्याचे पैसे कापतात. त्या एका शब्दाने जे झालं ते माझ्या दहा मांडण्यांनी झालं नव्हतं. सरांना पहिल्यांदाच वर्गात कुणीतरी समजून घेतलं, आणि मामांनी पहिल्यांदाच वर्गाला एक संकल्पना दिली.

एक बारीक गोष्ट, पण तिच्यावर मी आता हटून बसते: हाका. प्राध्यापक ‘सर’, ‘मॅडम’. कार्यकर्ते ‘अरे संतोष’, ‘ए सुनीता’. वय उलटं असलं तरी. मग समतेवर कितीही वाचा. आमच्याकडे सगळे ताई-भाऊ, साठीच्या पुढचे मामा-मावशी, आणि ‘सर’ हा शब्द दाराबाहेर चपलांजवळ. एक प्राचार्य यावर नाराज झाले होते, चार महिने आले नाहीत. पाचव्या महिन्यात आले आणि स्वतःच सतरंजी गुंडाळायला वाकले. त्यांच्या गुडघ्यांनी ते मानवलं नाही, पण ते सोडा.

आता शब्दांचं. “आमच्या लोकांना अवघड शब्द समजत नाहीत, सोपं करून सांगा” ही विनंती मी मानत नाही. सोपं करून सांगणाऱ्याने काय गाळलं ते ऐकणाऱ्याला कधीच कळत नाही. त्यापेक्षा अवघड शब्द तसाच मध्ये ठेवायचा आणि त्याला सगळ्यांनी हात लावायचा. इटलीतला मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी, त्याच्या ‘हेजेमनी’ला मराठीत कुणी ‘वर्चस्व’ म्हणतं, कुणी ‘धुरीणत्व’. मी यवतमाळकडच्या एका शिबिरात ‘धुरीणत्व’ म्हणाले आणि जू, धुरा, पुढचा बैल असं व्युत्पत्तीत शिरले. एक भाऊ म्हणाले, “आमच्याकडे धुरा म्हणजे बांध. धुऱ्यावरून डोकी फुटतात.” मला वाटलं गाडी रुळावरून गेली. पण त्यांना बोलू दिलं.

ते म्हणाले, मोठा शेजारी दरवर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, धुऱ्यात घालतो. एका वर्षात कळत नाही. पाचव्या वर्षी धुरा सरकलेला असतो. मोजणी आणायची तर पैसे भरा, हेलपाटे घाला. गावातले लोक म्हणतात, जाऊ दे ना बाप्पा, कायले वाकडं घेतं. आणि काही वर्षांनी तुमचाच पोरगा सांगायला लागतो की धुरा पहिल्यापासून इथेच होता.

इटलीत 1926 साली मुसोलिनीच्या राजवटीने ग्राम्शीला पकडलं. तुरुंगात त्याने ज्या वह्या भरल्या त्यांतला गाभा असा, की सत्ता नुसत्या दंडुक्यावर चालत नाही. दंडुका मागे उभा असतोच, पण रोजचा कारभार लोकांच्या संमतीवर चालतो, आणि ती संमती शाळा, देऊळ, वर्तमानपत्र, गावगप्पा यांतून घडते. धुऱ्याच्या गोष्टीत हे सगळं आहे: मोजणी, पोलीस, गावाचा सल्ला, आणि शेवटी पोराची समजूत. तरीही एक प्राध्यापक अडले, आणि बरोबर जागी अडले. ते म्हणाले, ग्राम्शीच्या म्हणण्याप्रमाणे वरचा वर्ग काही देतोही, स्वतःला तोशीस लावून घेतो, तेव्हाच धुरीण होतो. हा शेजारी तर नुसता चोर आहे. भाऊंनी लगेच सांगितलं, “देतो ना. पोरीच्या लग्नात ट्रॅक्टर फुकट देतो, दवाखान्यात न्यायला गाडी काढतो. म्हणून तर कुणी बोलत नाही.” प्राध्यापकांनी वही उघडली. तेव्हापासून मी कुठेही हेजेमनी शिकवताना धुऱ्यापासूनच सुरुवात करते आणि ती गोष्ट कुणाची आहे तेही सांगते. न सांगणं म्हणजे एक तास त्यांच्या धुऱ्यात घालणंच की.

‘क्रिटिकल’ या शब्दाचाही असाच घोळ होतो. ‘टीकात्मक’ म्हटलं की कार्यकर्ते सावध होतात, कुणाच्या तरी विरोधात बोलायचं असं वाटतं. पण मराठीत टीका म्हणजे ठपकाही आणि ज्ञानेश्वरीही. गीतेवरची टीकाच ती. मजकुराच्या आत शिरून, ओळीला ओळ लावून, त्याचा अर्थ लोकांच्या भाषेत उघडा करणं हाही टीकेचाच अर्थ आहे. ‘चिकित्सा’ला तर सरळ वैद्याचा वास आहे. मला दोन्ही शब्द चालतात, फक्त ‘समीक्षात्मक सिद्धांतन’ वगैरे ऐकलं की मी चहा सांगते.

मजकूर दोन पानांच्या वर नेऊ नका. झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात, मोठ्याने वाचन, परिच्छेदागणिक थांबायचं. वाचन आळीपाळीने, पण ज्याला वाचायचं नाही त्याला आग्रह नाही. आमच्याकडे एका मावशींना अक्षरओळख नव्हती हे मला तीन महिन्यांनी कळलं, तोवर त्या दर वेळी “चष्मा विसरले” म्हणत. माझी शरमेची गोष्ट आहे ती. आणि वेळ शेवटच्या एसटीवरून ठरवा, घड्याळावरून नको. बायका साडेचारला उठून जात असतील आणि खरी चर्चा पाचला रंगत असेल, तर तो पुरुषांचा वर्ग आहे.

राजकीय तत्त्वज्ञान कसं आणायचं याचं एक उदाहरण सविस्तर देते, कारण तुमच्याकडे ऊसतोडीतले लोक आहेत. विषय स्वातंत्र्य. मी प्रश्न असा टाकते: मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कारखान्यावर जाणारं जोडपं मर्जीने जातं की नाही?

नेहमी दोन तट पडतात. वकील म्हणतात, कुणी बंदूक लावली नव्हती, करार आहे. तत्त्वज्ञ आयझाया बर्लिनने 1958 च्या ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात ज्याला नकारात्मक स्वातंत्र्य म्हटलं ते हेच: आडवं कुणी आलं नाही ना, मग तुम्ही मोकळे. दुसरा तट म्हणतो, घरात दाणा नाही, मुलीचं लग्न काढलंय, उचल घेतल्याशिवाय इलाज नाही, याला मर्जी कोण म्हणेल? बर्लिनचं दुसरं, सकारात्मक स्वातंत्र्य इथे येतं: माणूस स्वतःचा धनी असणं. ‘स्वतःचा धनी’ म्हणताच एक ताई हसल्या. म्हणाल्या, “माझा धनी तर उचल घेऊन मोकळा झाला. कोयता माझ्याबी हातात हाय, नाव त्याचं.” वर्गातल्या ज्यांना माहीत नव्हतं त्यांना मग कळलं की तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. उचल पुरुषाच्या हातात पडते. करार करणारी ‘व्यक्ती’ ही जी उदारमतवादाची पायाभूत वीट, ती इथे मुळात अर्धी आहे, आणि कोयत्याच्या आत दडलेला आणखी एक करार आहे, लग्नाचा. स्त्रीवादी विचारवंत कॅरोल पेटमनने 1988 मध्ये सामाजिक कराराच्या सिद्धांतावर (मोकळ्या व्यक्तींनी आपसात करार केला आणि त्यातून राज्य उभं राहिलं, असं मानणाऱ्या) जो आक्षेप घेतला तो हाच, की त्या कराराच्या पोटात स्त्रीला ताब्यात ठेवणारा दुसरा करार गृहीत धरलेला असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ताईंनी पेटमन वाचलेली नव्हती, आणि पेटमनने कोयता पाहिलेला नसणार. दोघींना एकत्र बसवणं हे आपलं काम.

मग पुढचा प्रश्न. मुकादम भला असला तर? शिवी देत नाही, हिशेब चोख, आजारपणात उलट पैसे देतो. अशा मुकादमाच्या हाताखालचा मजूर स्वतंत्र का? यावर एकदा पाऊण तास वाद झाला. फिलिप पेटिट या तत्त्वज्ञाचं प्रजासत्ताकवादी उत्तर असं, की आडवं येणं आणि आडवं येण्याची मुभा असणं यात फरक आहे. भला धनीसुद्धा धनीच. त्याच्या मर्जीवर तुमचं बरं चाललं असेल तर तुम्ही नशीबवान आहात, स्वतंत्र नाही. हे मी वाचून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, “म्हणून तर आम्ही त्याच्यासमोर हसतो. वाईट मुकादमासमोर कुणी हसत नाही.” गुलामाच्या खुशामतीबद्दल रोमन लेखकांपासून लिहिलं गेलंय. ते हसण्यावरचं वाक्य मात्र मी कुठे वाचलेलं नाही.

तुम्ही पाहिलंत तर इथे बर्लिन, पेटमन, पेटिट तिघेही आले, पण कुणाचंही चरित्र सांगावं लागलं नाही. नाव आधी आणि प्रश्न नंतर असा क्रम ठेवला की प्राध्यापक जिंकतात. प्रश्न आधी आला की नावं कामाला लागतात.

न्यायाचा विषय आमच्याकडे पाण्यावरून निघतो. जॉन रॉल्सचा न्यायावरचा ग्रंथ 1971 चा. आपल्याकडे 1972 चा दुष्काळ. त्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम असे: पाणी जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनांनाही वाटा. उसाला बंदी. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. रॉल्स म्हणतो, नियम ठरवताना आपण कोण असणार हे माहीत नसेल तर माणसं न्याय्य नियम ठरवतील; अज्ञानाचा पडदा. मी चिठ्ठ्या करते: ‘हेडला (कालव्याच्या सुरुवातीला) आठ एकर आणि विहीर’, ‘टेलला (शेवटाला) दोन एकर’, ‘भूमिहीन, दोन शेळ्या’, ‘विधवा, सातबाऱ्यावर नाव नाही’, ‘कारखान्याचा संचालक’. चिठ्ठ्या घडी करून वाटायच्या, उघडायच्या नाहीत, आधी पाण्याच्या पाळ्यांचे नियम ठरवायचे. बहुतेक वेळा गट नायगावच्या जवळपास पोचतो. मग चिठ्ठ्या उघडायच्या आणि गंमत पाहायची. संचालकाची चिठ्ठी आलेली आमची सर्वांत जहाल कार्यकर्ती उसाची अशी वकिली करायला लागली की विचारू नका.

त्याच खेळात एका पाटकऱ्याच्या, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्या कामगाराच्या, मुलाने आक्षेप घेतला. तो म्हणाला, “गावात पडदा नसतोच ताई. चिठ्ठी जन्मतानाच उघडून हातात देतात, आणि दुसऱ्याची काय आहे तेही सगळ्यांना माहीत असतं.” रॉल्सवरचे कितीतरी जाडजूड आक्षेप याच्या आसपास फिरतात. मी त्याला उत्तर दिलं नाही. पुढच्या बैठकीत त्यानेच आक्षेप मांडायचा आणि एका प्राध्यापकाने रॉल्सची बाजू लढवायची असं ठरवलं.

फ्रँकफर्टवाले मी पहिल्या वर्षी आणत नाही. तुम्ही त्यांच्यापासूनच सुरुवात केलीत, तर निदान योग्य टोक धरा. 1923 साली फ्रँकफर्टला त्यांची सामाजिक संशोधन संस्था निघाली, 1933 मध्ये नाझींनी ती बंद पाडली, जिनिव्हामार्गे मंडळी 1934 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आली. (इथे कुणीतरी हमखास आंबेडकरांशी धागा जोडतं. बाबासाहेब 1916 मध्येच तिथून निघाले होते. ओढूनताणून जोडू नका.) संस्थेचा प्रमुख होर्कहायमर, त्याने 1937 च्या निबंधात पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांतातला फरक सांगितला: पहिला जगाकडे लांबून, तटस्थपणे बघतो असं मानतो, दुसऱ्याला माहीत असतं की बघणारा त्याच समाजात घडलाय आणि त्याला तो समाज बदलायचाय. एवढं एक पान पुरे. कारण त्या पानावरून सरळ विचारता येतं, ‘आपला सर्व्हे फॉर्म कुणी बनवला? त्यातले रकाने कुणाच्या सोयीचे?’

त्यापेक्षा कार्यकर्त्यांना खिळवून ठेवते ती 1969 ची गोष्ट. युद्धानंतर संस्था फ्रँकफर्टला परतली होती. त्या जानेवारीच्या शेवटच्या दिवशी तिच्या इमारतीत विद्यार्थी घुसले. त्यांचं म्हणणं, चर्चेला जागा हवी होती. संस्थेचा तेव्हाचा प्रमुख अडोर्नो आणि त्याच्या सहकाऱ्यांना वाटलं, हा कब्जा आहे. त्यांनी पोलीस बोलावले. पकडल्या गेलेल्यांत हान्स-युर्गेन क्राल होता, अडोर्नोचाच पीएचडीचा विद्यार्थी. पुढे त्याच्यावर खटला चालला आणि गुरूने न्यायालयात साक्ष दिली. संस्थेतला जुना सहकारी हर्बर्ट मार्क्युज अमेरिकेतून लिहीत होता की पोलीस आणि डावे विद्यार्थी यांत निवडायची वेळ आली तर मी विद्यार्थ्यांच्या बाजूने. अडोर्नोचं म्हणणं, ‘आधी कृती, विचार नंतर’ ही सक्तीसुद्धा एक दडपशाहीच, आणि विचार न थांबवणारा माणूस हरलेला नसतो. त्याचे तास उधळले गेले, ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडला तो वारला.

हे सांगून मी विचारते, तुम्ही कुणाच्या बाजूने? प्राध्यापक सगळे अडोर्नोकडे आणि कार्यकर्ते क्रालकडे जातील असं वाटतं. तसं होत नाही. एकदा पोलीस केस अंगावर असलेल्या कार्यकर्त्यानेच अडोर्नोची बाजू घेतली: “मोर्चात मला विचार करायला कुणी वेळच दिला नाही. दहा वर्षांनी कळलं की मागणीच चुकीची होती.”

दुसऱ्या बाजूचा दोषही सांगायला हवा, नाहीतर मी कार्यकर्त्यांची खुशामत करते आहे असं होईल. ‘तुम्ही कधी उपाशी झोपलात का?’ हा प्रश्न वर्गात एकदा चालतो. तिसऱ्यांदा आला की तो चर्चा बंद करायचं कुलूप असतो. जगलेलं दुःख खरं असतं, त्याचं कारण सांगणारा सिद्धांत मात्र चुकू शकतो, आणि तो चुकलाय असं म्हणायची सोय सर्वांना हवी. माझे जे दोन वर्ग माझ्यामुळे बुडाले त्यांतला एक इथेच बुडाला. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या मांडणीत धडधडीत चूक होती. त्यांचा त्याग मोठा म्हणून मी गप्प बसले. तरुण मुलं माझं तोंड बघत होती. ती पुन्हा आली नाहीत.

आणि मतभेद होऊन फुटलात तरी घाबरू नका. 1972 साली उभी राहिलेली दलित पँथर दोनच वर्षांत फुटली, मार्क्स की बुद्ध या वादावर, नामदेव ढसाळ एकीकडे आणि राजा ढाले दुसरीकडे. नुकसान झालंच. पण तो वाद खरा होता. बाबासाहेबांनी स्वतः 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते, आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर संप केला होता. दोन शत्रूंशी एकाच वेळी कसं लढायचं, हा प्रश्न शरद पाटलांनी 1978 मध्ये धुळ्यात सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढून पुन्हा हाती घेतला. तुमच्या वर्गातही तो येणार. त्या दिवशी ‘वेळ संपली’ म्हणू नका.

राहिल्या निवेदनवाल्या ताई. तुमच्या गटात सगळ्यात नेमकं बोलल्या त्या याच. त्यांचं निवेदन घ्या आणि तोच पहिला मजकूर म्हणून वाचा, ज्या बारकाईने होर्कहायमर वाचाल त्याच बारकाईने. आम्ही आशाताईंचं असं एक निवेदन वाचलं होतं. दीड पान. पहिल्या वाक्यात ‘सविनय सादर’, शेवटी ‘मागणी मान्य करून उपकृत करावे ही नम्र विनंती’. मधल्या परिच्छेदात ‘मानधन वाढवावे’. दोन तास ‘मानधन’ या एका शब्दावर गेले. मान आणि धन दोन्ही आहेत मग तक्रार कसली, असं कुणीतरी चेष्टेत म्हणालं आणि तिथून सुरू झालं. शिक्षकाला वेतन, आशाला मानधन, असं का? कागदोपत्री ती स्वयंसेविका म्हणून. मग घरातल्या कामाला काय म्हणतात? बाळंतिणीला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेणं हे काम की सेवा, आणि सेवा म्हटल्याने कुणाचे पैसे वाचतात? प्राध्यापकांकडे यावर 1970 च्या दशकातल्या इटलीतल्या स्त्रियांची घरकामाला वेतन मागणारी चळवळ होती. ती त्यांनी तेव्हा सांगितली, आणि कुणीही जांभई दिली नाही.

निवेदन पुन्हा लिहिलं. ‘मानधन’ जाऊन ‘वेतन’ आलं. ‘उपकृत’ खोडलं, ‘नम्र’ही खोडलं. ‘जिल्हाधिकारी’च्या आधीचं ‘मा.’ ठेवायचं की काढायचं यावर शेवटी मत घ्यावं लागलं. सात विरुद्ध सहा. ‘मा.’ राहिलं.